शेरा: वेणी

आमच्या वहिनीची वेणी हा घरातला कायमचा चेष्टेचा विषय. जाडजूड, कमरेच्या खाली उतरणारी. वहिनी स्वयंपाकघरात शिरली की दोन मिनिटांनी तिची वेणी आत पोचते, असं दादा म्हणायचा. पाच वर्षांची चिंगी, म्हणजे त्यांची मुलगी आणि माझी भाची, खरंच दारात उभी राहून वेणी येताना बघायची. हे आधी सांगते आहे, कारण पुढे जे झालं ते या वेणीच्या आड झालं. वेणीचा काही दोष नव्हता. दोष माझा होता, आणि तो मी स्वतःच्या अक्षरात, तारखेसकट लिहून ठेवला होता.

मी एकोणतिसाव्या वर्षी रेडिओग्राफरच्या कोर्सला गेले. त्याआधी आठ वर्षं एका दवाखान्याच्या खिडकीमागे बसून लोकांची नावं, वयं आणि तक्रारी लिहून घेत होते. कोर्सचा फॉर्म वहिनीनंच आणला. "वन्सं, लोकांची दुखणी लिहून घेण्यातच जन्म घालवायचाय, की आत जाऊन ती बघायचीत?" असं म्हणून तिनं फॉर्म माझ्या ताटाशेजारी ठेवला आणि भरून होईपर्यंत मला उठू दिलं नाही. लाडात आली की ती मला वन्सं म्हणते आणि अहो-जाहो करते. एरवी सरळ अगं-तुगं. माझ्याहून दोनच वर्षांनी मोठी आहे, पण दटावते मात्र आईसारखी.

कॉलेजात माझ्या वर्गातली पोरं मला ताई म्हणायची आणि माझ्या वह्या पळवायची. मी पहिल्या वर्षी पहिली आले. खोटं कशाला बोलू, डोक्यात हवा गेली होती. हाडांची नावं, किरणांचं गणित, कोणत्या भागाला किती मात्रा, सगळं मला तोंडपाठ होतं, आणि दुसऱ्याचं चुकलं की माझं तोंड गप्प बसत नसे.

आम्हाला शिकवायला ज्या बाई होत्या त्यांना सगळे श्वासबाई म्हणत. पहिल्याच महिन्यात त्यांनी आम्हाला आरशासमोर उभं करून "श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा" हे तीन शब्द इतक्या वेळा म्हणायला लावले की एक मुलगा म्हणे घरी झोपेत म्हणायला लागला. त्यांनीच आम्हाला शिशाची अक्षरं वाटली. प्रत्येकाला दोन. एक उजव्या बाजूसाठी, एक डाव्या, आणि दोन्हींच्या खाली ज्याचा त्याचा नंबर. फोटो काढताना अक्षर कडेला चिकटवायचं, मग ते फोटोत पांढरं उमटतं. माझा नंबर चौदा. "फोटो कुठेही जाऊ दे, कितीही वर्षांनी बाहेर निघू दे," बाई म्हणाल्या, "कुणी काढला ते लपत नाही." तेव्हा मला हे फार अभिमानाचं वाटलं होतं.

बाईंचा एक नियम होता. बटण दाबताना नजर काचेतून पेशंटवर. स्क्रीनवर नाही. "फोटो कुठे पळून जात नाही. पेशंट हलतो," असं त्या दर तासाला सांगायच्या. आम्ही तो नियम परीक्षेत लिहायचो.

दुसऱ्या वर्षी हॉस्पिटलच्या एक्स-रे विभागात शंभर छाती काढायच्या होत्या. शंभर छातीचे फोटो, असं म्हणायला वेळ कुणाला आहे? प्रत्येक फोटो लॉगबुकात चढवायचा. नंबर, तारीख, शेरा, आणि शेवटी रिपीटचा रकाना. फोटो बिघडला आणि पुन्हा काढावा लागला की त्या रकान्यात फुली. शंभरात पाच फुल्या चालत. सहावी झाली की सहा आठवडे पुन्हा, धाकट्या वर्गातल्या पोरांबरोबर. ब्याण्णव छातींपर्यंत माझ्या पाच फुल्या भरल्या होत्या. त्यातल्या तीन बायकांच्या वेण्यांच्या. केस खांद्यावरून पुढे आले तर त्यांची सावली फुप्फुसाच्या वरच्या भागात पडते, आणि बघणाऱ्याला तिथे आजार असल्यासारखा वाटतो. त्यामुळे वेणी या शब्दानंच माझं डोकं तडकायचं.

त्र्याण्णवावी छाती वहिनीची होती.

तिला पाळणाघरात नोकरी लागत होती. चिंगीच्या जन्मापासून तिच्या मनात हे होतं. लहान मुलांत तिचा जीव रमतो, आणि तिथे चिंगीलाही बरोबर नेता येणार होतं. कामावर घेण्याआधी तब्येतीचा दाखला लागतो, त्यात छातीचा फोटो. ती माझ्याच पाळीच्या वेळी चिठ्ठी घेऊन आली. हॉस्पिटलचा गाउन घालून, खिडकीत उभ्या असलेल्या टेक्निशियन काकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ओळख दाखवू नका हं वन्सं. वशिल्याचा फोटो म्हणतील."

मी तिची वेणी उचलली, डोक्यावर गुंडाळली आणि माझ्या केसांतला क्लचर काढून घट्ट लावला. "किती खेचतेस! डोकं ठणकायला लागलं," ती म्हणाली. मी तिला स्टँडकडे तोंड करून उभं केलं. हनुवटी वर, हात कमरेवर, खांदे पुढे. "नाच बसवतेयस का माझा?" तिनं विचारलं. मी गप्प बस म्हटलं, चौदा नंबरचं अक्षर चिकटवलं आणि काचेमागे गेले.

बाहेर तीस माणसांची रांग होती. आधीच्या पेशंटचा फोटो स्क्रीनवर अडकून बसला होता, तो पुढे सरकत नव्हता. मी त्याच्याशी झगडत होते. श्वास घ्या म्हटलं. धरून ठेवा म्हटलं. बटण दाबलं. सोडा म्हटलं. या सगळ्यात माझी नजर स्क्रीनवरच होती. मी काचेतून एकदाही पाहिलं नाही.

मग वहिनीचा फोटो आला. उजव्या फुप्फुसात वरच्या बाजूला बोटभर लांबीचा धुरकट पांढरा डाग होता.

तो क्षण मी नंतर इतक्या वेळा आठवला आहे की तो आता झिजायला हवा होता, पण झिजत नाही. तेव्हा मी मान वर करून काचेतून पाहिलं. वहिनी माझ्याकडे तोंड करून उभी होती, आणि वेणी उजव्या खांद्यावरून पुढे आली होती.

मला हसूच फुटलं. हुश्श झालं. पुन्हा वेणी! क्लचर सुटला असणार, वेणी घसरली असणार. दुसरं काही माझ्या मनाला शिवलंही नाही. खरं तर मी शिवू दिलं नाही.

फोटो पुन्हा काढायला हवा होता. मी का काढला नाही याची दोन कारणं होती. एक चारचौघांत सांगण्यासारखं: गरज नसताना माणसावर पुन्हा किरण सोडू नयेत, हे आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवतात. दुसरं खरं: सहावी फुली. मी वर्गात पहिली होते. धाकट्या पोरांच्या मागे उभं राहून पुन्हा छाती मोजायची माझी तयारी नव्हती. मी शेऱ्याच्या चौकटीत टाइप केलं, "उजव्या खांद्यावर वेणी. सावली वेणीची." लॉगबुकातही तेच लिहिलं, जरा आखडून: शेरा: वेणी. रिपीटचा रकाना कोरा.

टेक्निशियन काकांनी सही केली. दुसऱ्या कुणाचा फोटो असता तर चष्मा पुसून बघितला असता त्यांनी. माझ्यावर त्यांचा भरवसा होता. रिपोर्ट लिहिणाऱ्या डॉक्टरांनी शेरा वाचला आणि लिहिलं, "फुप्फुसे निर्दोष. वरील सावली वेणीची." वहिनीनं कपडे बदलले, माझा क्लचर माझ्या हातावर ठेवला आणि नोकरीला लागली.

पुढचे तीन महिने घर खूश होतं. वहिनी रोज संध्याकाळी पाळणाघरातल्या मुलांचे किस्से सांगायची. एक जण चप्पल घालूनच झोपतो, एकीला तिच्या वेणीचं टोक हातात धरल्याशिवाय झोप लागत नाही. मग खोकला आला. आधी कोरडा, सकाळचा. "पोरांनी दिलेला आहेर," ती म्हणाली. तिथे नेहमी कुणा ना कुणाचं नाक वाहत असायचं, त्यामुळे ते सगळ्यांनाच पटलं. पोरांकडून उवासुद्धा आल्या होत्या. चिंगीचे केस कानांच्या वर कापावे लागले, तेव्हा वेणी गेली म्हणून ती दोन दिवस रडली. तिची वेणी म्हणजे करंगळीएवढी, पण रडणं सगळ्या गल्लीला ऐकू गेलं.

खोकला गेला नाही. संध्याकाळी वहिनीला कसकस यायला लागली. बोटातली अंगठी निसटायला लागली, म्हणून तिनं तिच्यावर दोरा गुंडाळला. दादा डॉक्टरकडे जा म्हणून मागे लागला, की ती माझ्याकडे बोट दाखवायची. "घरच्या माणसानं फोटो काढलाय माझा. फुप्फुसं ठणठणीत आहेत, लेखी दिलंय." शेवटी ती कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी छातीचा फोटो काढलाय का विचारलं. हिनं घरी जाऊन कागद आणून दाखवला. त्यांनी खोकल्याचं औषध दिलं, मग दुसरं औषध दिलं, आणि मग हवा बदला म्हणाले.

आणि मीही तेच म्हणत होते. हे सांगायला जीभ रेटत नाही. एकदा दादानं मला बाजूला घेऊन विचारलं, "तू या लाइनीतली आहेस, तुला काय वाटतं?" मी त्याच्या पाठीवर थाप मारून म्हटलं, "तिची छाती मी स्वतः पाहिली आहे. निर्धास्त राहा." तो निर्धास्त झाला.

चिंगी आईच्या खोकल्याची नक्कल करायची. छातीवर हात ठेवून, डोळे बारीक करून, अगदी हुबेहूब. आम्ही पोट धरून हसायचो. एका रविवारी दुपारी मी वाचत बसले होते आणि ती शेजारी गाढ झोपली होती. झोपेतच ती खोकली. दोनदा, मग थांबून पुन्हा एकदा. मी पुस्तक खाली ठेवलं. झोपेत कुणी नक्कल करत नाही, हे माझ्या लक्षात आलं. मग थंडी वाजत असेल म्हणून मी तिच्या अंगावर चादर घातली आणि पुस्तक पुन्हा उचललं.

फोटो काढून आठ महिने झाले होते. त्या मंगळवारी श्वासबाईंनी वर्गात अंधार केला आणि पडद्यावर एकामागून एक छाती लावल्या. नावं काढलेली, फक्त फोटो. धड्याचं नाव होतं 'सावली की वस्तू'. फोटोत दिसणारा डाग शरीराच्या आतला, की बाहेरून आलेल्या कशाचा, हे ओळखायचं. बटण ओळखलं, साखळी ओळखली, खिशातली किल्ली ओळखली. सगळी उत्तरं मीच देत होते. मग एका बाईची छाती आली, वरच्या बाजूला लांबट डाग.

"वेणी," मी म्हटलं.

"कशावरून?"

"अनुभवावरून," मी म्हटलं, आणि मागची पोरं हसली.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी छडीचं टोक डागाच्या खालच्या बाजूला ठेवलं आणि सावकाश वर नेलं. डाग गळपट्टीच्या हाडावरून वर गेला, फुप्फुसाच्या बाहेर पडला, मानेवर गेला आणि मानेच्याही कडेनं बाहेर, जिथे फोटोत नुसती हवा असते तिथवर गेला. "ही वेणी," त्या म्हणाल्या. "डोक्यापासून येते ना? मग तिला मानेवरूनच यावं लागणार. फुप्फुसाची हद्द ती पाळत नाही." त्यांनी दुसरी छाती लावली. तसाच डाग, त्याच जागी. छडी वर गेली आणि हाडाच्या खालीच थांबली, कारण डाग तिथे संपला होता. "आणि ही वेणी नाही. हा क्षय आहे. या बाईंच्या फोटोवर कुणीतरी वेणी असा शेरा मारला होता. पुन्हा फोटो काढेपर्यंत वर्ष गेलं."

पडद्यावरच्या फोटोच्या कडेला शिशाचं अक्षर होतं, नंबर तीन. माझा नव्हता. माझा नव्हता, तरी मी तो दोनदा वाचला. बाईंनी घरचा अभ्यास दिला: आपापल्या लॉगबुकातून, ज्यांच्यावर वस्तूची सावली असा शेरा आहे, असे तीन फोटो काढून आणा आणि शेरा बरोबर आहे हे सिद्ध करा. माझ्या लॉगबुकात असा एकच फोटो होता, जो पुन्हा काढलेला नव्हता.

तास संपल्यावर मी जेवले नाही. हॉस्पिटलच्या विभागात गेले. टेक्निशियन काका डबा उघडून बसले होते, त्यांना म्हटलं कॉलेजचा अभ्यास आहे. लॉगबुकातला नंबर घातला. फोटो आला, कडेला माझे चौदा पांढरेशुभ्र. मी डागावर बोट ठेवलं आणि वर नेलं.

तो हाडाच्या खाली थांबला.

मी स्क्रीनचा उजेड वाढवला, कमी केला. मान मोठी करून पाहिली. मानेवर काही नव्हतं. स्वच्छ मान, स्वच्छ खांदा, आणि खांद्याच्या बाहेर काळी मोकळी हवा. मग मी वकिली सुरू केली. वेणीचं टोक तेवढं असेल. केस वर पातळ असतील आणि खाली जाड. वहिनीची वेणी वर पातळ! आठ वर्षं ज्या वेणीची मी चेष्टा करते ती वर मनगटाएवढी आहे. तरी मी खुर्चीतून उठेपर्यंत स्वतःला सांगत होते की मी स्वतःच्या डोळ्यांनी वेणी खांद्यावर पाहिली आहे.

घरी पोचले तेव्हा वहिनी नुकतीच कामावरून आली होती आणि भिंतीला टेकून बसली होती. तिच्या मांडीवर डोकं ठेवून चिंगी पडली होती, तिचे गाल लाल होते. मी चप्पल न काढताच विचारलं, "त्या दिवशी फोटोच्या वेळी तुझी वेणी कधी सुटली?"

"कुठला फोटो?"

"छातीचा. क्लचर कधी पडला?"

"पडतोय कशाला? किती करकचून लावला होतास तू," वहिनी म्हणाली. "तू सोडा म्हणालीस, तशी मी श्वासही सोडला आणि वेणीही सोडली. डोकं भणभणत होतं. क्लचर हातात धरून उभी होते, तेव्हा तू काचेतून बघून हसलीस." मग तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "का गं? काय झालं?"

मी तिथेच दारात बसले आणि तिला सगळं सांगितलं. फुल्यांचंही सांगितलं. मला वाटलं ती ओरडेल, काहीतरी फेकून मारेल, आणि तिनं ते करावं असं मला फार वाटत होतं. ती चिंगीच्या कापलेल्या केसांतून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "तू बघितलंयस म्हणून मी बघितलं नाही." तेवढंच. वन्सं म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोघींना घेऊन विभागात गेले. काकांना जुना फोटो दाखवला. त्यांनी चष्मा पुसला, फोटो बघितला, मग शेरा वाचला. खाली स्वतःची सही बघितली. "मी बघायला हवं होतं," ते म्हणाले. मी म्हटलं, मी लिहायला नको होतं. ते म्हणाले, "दोन्ही," आणि उठून त्यांनी वहिनीसाठी खोली लावली. मला जवळ येऊ दिलं नाही. वहिनीनं वेणी स्वतःच वर बांधली. नवा फोटो आला तेव्हा उजवीकडचा डाग मुठीएवढा झाला होता, आणि डावीकडे नवीन दोन होते.

रिपोर्ट लिहिणारे डॉक्टर बाहेर येऊन तिच्याशी बोलले. थुंकी तपासायला सांगितली. बहुतेक क्षयच आहे, औषधं आहेत, महिनोन्महिने घ्यावी लागतील, बरा होतो, असं समजावून सांगितलं. मग वही उघडून विचारलं, "काम काय करता?"

"पाळणाघरात असते."

त्यांचं पेन थांबलं. "किती मुलं?"

"सव्वीस," वहिनी म्हणाली. तिचा आवाज शांत होता, पण ती बोटं मोजायला लागली होती. "त्यातली सात मांडीवर घेऊनच झोपवावी लागतात. एक तर फारच तान्हं आहे. त्याला मी छातीशी धरल्याशिवाय…" ती थांबली आणि तिनं गाउनच्या बाहीनं तोंड झाकलं. आता झाकून काय उपयोग होता, आठ महिने झाले होते. डॉक्टरांनी सव्वीस आकडा लिहिला, त्याखाली रेघ मारली, आणि चिंगीकडे बघून आणखी एक चिठ्ठी लिहिली.

काकांनी लहान मुलांचं स्टूल आणलं. चिंगीला वाटलं हा खेळ आहे. गाउन तिच्या पायांपर्यंत येत होता, तो दोन्ही हातांनी उचलून ती स्टूलवर चढली आणि स्टँडला छाती लावून उभी राहिली. "आत्या, मी हनुवटी वर केली!" ती ओरडली. घरी तिनं माझं सगळं पाठ केलं होतं.

"तू काचेतून बघ," काका मला म्हणाले. "स्क्रीन मी बघतो."

मी काचेला नाक लावून उभी राहिले. काकांनी विचारलं, तीन शब्द कोण म्हणणार? मी म्हटलं. श्वास घ्या. चिंगीचे इवलेसे खांदे वर गेले. धरून ठेवा. "धरलाय!" ती म्हणाली आणि तिचा श्वास गेला, आणि ती खोकत सुटली. आम्ही थांबलो. तिला पुन्हा उभं केलं. दुसऱ्या वेळी तिनं गाल फुगवून श्वास धरला. मी तिच्या मानेवरून नजर हलवली नाही. न्हाव्यानं कापलेले केस कानांच्या वर संपत होते. मानेवर काही नव्हतं, खांद्यावर काही नव्हतं. बटण दाबल्याचा आवाज झाला. मी सोडा म्हटलं.

मी वळले. स्क्रीनवर चिंगीची छाती होती, माझ्या दोन्ही तळव्यांत मावेल एवढी. उजवीकडे, फुप्फुसाच्या मुळाशी, एक पांढरा डाग होता. लहान होता. पण होता.

शेऱ्याची चौकट कोरी होती. काकांनी कीबोर्ड माझ्यापुढे सरकवला. "शेरा तू लिही," ते म्हणाले.

काचेपलीकडे चिंगी स्टूलवरून खाली उतरत होती आणि विचारत होती, माझा फोटो छान आला का? मी लिहिलं, "मुलीचे केस कापलेले आहेत. वेणी नाही."